नव्वद आणि एक्क्याण्णवच्या मध्ये

१

दोघा भावांतला थोरला जाऊन तीन आठवडे झाले होते आणि त्याची वही मिळत नव्हती. माणूस मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनावर कोसळला, इस्पितळात गेला आणि तिथून पुढे गेला. त्याचे बूट, चष्मा, जाकीट, पाण्याची अर्धी बाटली, सगळं रीतसर घरी आलं. वही तेवढी आली नाही. म्हणून त्याची बायको मेट्रोच्या ‘हरवले-सापडले’ खिडकीपुढे उभी होती.

खिडकीच्या आत ज्या बाई बसत, त्यांना सगळी मेट्रो ‘सापडलंबाई’ म्हणायची. सव्वीस वर्षांत त्यांनी लोकांना बहुतेक वेळा ‘नाही सापडलं’ एवढंच सांगितलं होतं, पण टोपणनाव ठेवणारे आकडेवारी बघत बसत नाहीत. त्यांच्या पाठीमागे खोलीभर फळ्या होत्या. फळ्यांवर छत्र्या, हेल्मेटं, एकेकटे मोजे, दोन कवळ्या आणि एक कुबडी. कुबडी विसरून तो गृहस्थ पायऱ्या कसा चढून गेला असेल, हा प्रश्न बाईंना नऊ वर्षं छळत होता. निवृत्तीला चार महिने उरले होते आणि तो सुटायची चिन्हं नव्हती.

वही कसली, असं बाईंनी विचारलं. मग वहिनींनी सांगितलं. (त्यांना आळीत लहानथोर सगळे वहिनीच म्हणत, तेव्हा आपणही तेच म्हणू.) थोरला शाळेत भूगोल शिकवायचा, धाकटा घड्याळं दुरुस्त करतो. दोघा भावांना एकच वेड. मेट्रोची चौऱ्याण्णवच्या चौऱ्याण्णव स्टेशनं एका दमात गाठायची, आणि तीही कुणी गाठली नसतील इतक्या लवकर. प्रत्येक स्टेशनात गाडी थांबली पाहिजे, दारं उघडली पाहिजेत, ती वेळ वहीत लिहिली पाहिजे, आणि निघालेले दोघं शेवटपर्यंत बरोबर असले पाहिजेत. दातांच्या एका डॉक्टरांचा विक्रम नऊ तास अकरा मिनिटांचा होता. भावांना नऊ तास चौदा लागले. तीन मिनिटांसाठी विक्रम हुकला आणि त्याच फलाटावर थोरला खाली बसला.

“विक्रमाशी मला देणंघेणं नाही,” वहिनी म्हणाल्या. “धाकटा म्हणतो, दादाला एकदम झालं. एकदम काही होत नसतं हो. शेवटच्या तासात काय झालं ते वहीत असेल. आजारी माणसाला त्याने पळवलं असेल, तर माझ्या घराची पायरी तो पुन्हा चढणार नाही.”

जरा थांबून त्या म्हणाल्या, की मी लग्न होऊन आले तेव्हा तो पाचवीत होता, त्याच्या पुस्तकांना कव्हरं मीच घालायचे. हे फॉर्ममध्ये कुठल्या रकान्यात लिहायचं ते बाईंना कळलं नाही.

वहिनी वस्तूचं वर्णन स्वतः लिहून गेल्या. बाईंनी फॉर्म फाइलला लावायला उचलला, वर्णनाचा रकाना वाचला आणि फाइल पुन्हा बंद केली. रकाना काठोकाठ भरलेला होता. सव्वीस वर्षांत असा भरलेला रकाना त्यांनी दोनदाच पाहिला होता, आणि दोन्ही वेळा पोलिसांना बोलवावं लागलं होतं.

२

धाकट्याचं दुकान एका बोळात होतं, आकाराने कपाटाएवढं. भिंतीवर बावीस घड्याळं आणि वेळेबद्दल बावीस मतं. बाईंनी सांगितलं, की वस्तू हरवल्यावर बरोबरच्या माणसाचा जबाब घ्यावा असा नियम आहे. असा नियम नव्हता. पण हातात पेन धरून ‘नियम आहे’ म्हटलं की तो दाखवा म्हणणारा माणूस त्यांना अजून भेटायचा होता.

धाकटा डोळ्याला भिंग लावून एका उघड्या घड्याळाशी बोलावं तसं बोलत होता. सकाळी सात बाराला सुरुवात केली. वही दादाकडे, जिने आणि गाड्या माझ्या डोक्यात. साठाव्या स्टेशनानंतर दादाचं पेन संपलं, तेव्हा समोर बसलेल्या एका मुलीकडून हिरवं पेन मागून घेतलं. ती पुढच्याच स्टेशनाला उतरून गेली, पेन राहिलं. ते आत्ताही टेबलावर होतं. घड्याळ चौकापर्यंत, म्हणजे सत्याऐंशीपर्यंत, सगळं हिशेबात होतं, विक्रम तीन मिनिटांनी मोडत होता. तिथे गाडी बदलायची होती. दादा जिन्यावर मागे पडला आणि गाडी डोळ्यांदेखत निघून गेली.

“मी ओरडलो त्याच्यावर. पळ म्हणालो. पळाला बिचारा.” त्याने घड्याळाचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. “माझ्यामुळे झालं. लिहा तसं.”

माणूस विचारायच्या आधीच गुन्हा कबूल करतो, तेव्हा बाईंना छत्री न्यायला येणारी ती गिऱ्हाइकं आठवत, जी आपलं नाव सांगायच्या आधी ‘माझीच आहे’ म्हणतात. त्यांनी विचारलं, हे वहिनींना सांगितलंत का. तो म्हणाला, त्या फोन घेत नाहीत. दोनदा दारात गेलो, तर साखळी लावून फटीतून एवढंच म्हणाल्या, की आधी वही आण.

“मग वही कुठाय?”

“फलाटावर पडली असेल. कुणी उचलली असेल. मला माहीत नाही.” त्याने डोळ्यावरचं भिंग काढलं. खालचा डोळा लाल होता. “गेली ते बरं झालं, मॅडम.”

हरवलेल्या वस्तूबद्दल असं म्हणणारे लोक बाईंनी पाहिले होते. त्यात एक जण सासूच्या फोटोबद्दल म्हणाला होता, आणि त्याला हसू आवरत नव्हतं. हा मात्र घाबरलेला होता, आणि कशाला, ते त्या वहीत होतं.

३

दातांच्या डॉक्टरांकडे जायला निमित्त शोधावं लागलं नाही. बाईंची डावीकडची दाढ दिवाळखोर बँकेसारखी कधीची डळमळत होती. डॉक्टरांनी त्यांच्या तोंडात दोन हत्यारं घातली आणि अर्धा तास स्वतःच बोलले. साक्षीदाराला मोकळं बोलतं करायची ही पद्धत पोलिसांना अजून कशी सुचली नाही, याचं बाईंना आडवं पडल्या पडल्या नवल वाटलं.

लोक माझ्याकडे संशयाने बघतात, डॉक्टर म्हणाले. विक्रम माझा, तेव्हा वही मी लांबवली म्हणे. अहो, पण ते तीन मिनिटांनी हरलेच होते! वही असली तर मी जिंकल्याचाच पुरावा. शिवाय त्यांचा शेवटचा साक्षीदार मीच होतो. शेवटच्या स्टेशनावर बाहेरच्या माणसाची सही लागते, म्हणून त्यांनी मला बोलावलं. मनाचा मोठेपणा म्हणून मी गेलो, आणि ते हरतायत का ते बघायला पण गेलो, खोटं कशाला बोला.

मग डॉक्टरांनी गुडघ्याची तक्रार काढली. या खेळात जागा नाही, दार निवडायचं असतं. पुढच्या स्टेशनावर जिना जिथे येतो, त्याच्यासमोर उघडणारं दार. घड्याळ चौकात जिना उतरला की समोर शेवटचा डबा येतो. धावत आलेला माणूस त्यातच चढतो, आणि पुढे गाडी बदलायची नसल्यामुळे शेवटपर्यंत त्यातच राहतो. एवढा हिशेब करून डॉक्टर पाऊण तास शेवटच्या डब्याच्या जागी पेन उघडून उभे होते. गाडी आली आणि दोघं उतरले ते मधल्या डब्यातून.

“या गुडघ्याने मी चार डबे पळालो. पोचलो तर थोरला खाली बसलेला. वही त्याच्या मांडीवरून घसरली. उघडून बघायची वेळच आली नाही. थुंका.”

बाई थुंकल्या आणि त्यांनी विचारलं, मधला डबा नक्की का. डॉक्टर म्हणाले, गुडघ्याला विचारा.

मग बाई शेवटच्या स्टेशनावर गेल्या. तिथल्या स्टेशनमास्तर साहेबांनी प्रथम काहीच पाहिलं नव्हतं. मग अहवालासाठी त्यांनी सगळं पाहिलं. बाई समोर बसून राहिल्यावर ते खऱ्यावर आले. रुग्णवाहिका यायला अकरा मिनिटं लागली होती, आणि ही मंडळी मिनिट न् मिनिट लिहून ठेवतात याची त्यांना धास्ती होती. पण वही त्यांनी फेकली नव्हती. खाली पडलेली उचलली, न उघडता थोरल्याच्या जाकिटाच्या आतल्या खिशात घातली आणि जाकीट स्ट्रेचरवर ठेवलं.

म्हणजे वही फलाटावर हरवलीच नव्हती. ती जाकिटाबरोबर इस्पितळात गेली, आणि जाकीट घरी आलं होतं.

४

ज्याची वस्तू हरवते त्याला ती कधी धड आठवत नाही, हे बाईंना अनुभवाने ठाऊक होतं. दहा वर्षं रोज हातात असलेली छत्री, पण दांडा कसला होता विचारलं की माणूस छताकडे बघतो. वर्णन भरगच्च आलं तर दोनच शक्यता. वस्तू त्याची नाही, किंवा वस्तू त्याच्या समोर आहे.

वहिनींनी लिहिलं होतं: ‘निळा पुठ्ठा, उजवा कोपरा दुमडलेला, वर रबरबँड, शेवटची तीन पानं हिरव्या शाईत.’

हिरवं पेन आलं धावत्या गाडीत, साठाव्या स्टेशनानंतर. धाकट्याशी वहिनींचं बोलणं नाही. डॉक्टरांनी वही उघडली नाही, साहेबांनी उघडली नाही. वहिनींना ही शाई सांगू शकेल असं एकच कोणी उरत होतं, आणि ती म्हणजे वही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई तीन जिने चढून वहिनींकडे गेल्या. चहा आला. बाईंनी फॉर्म टेबलावर ठेवला आणि ‘हिरव्या’ या शब्दावर बोट टेकवलं. वहिनींनी उगाच वाद घातला नाही. त्या आत गेल्या आणि इस्त्री केलेल्या शर्टांच्या चळतीखालून वही घेऊन आल्या. शर्ट थोरल्याचे होते, आणि इस्त्री ताजी होती.

“मी विचारलं की तो मान खाली घालतो,” त्या म्हणाल्या. “लहानपणापासून. काच कुणी फोडली विचारलं की याची मान खाली. फोडलेली असायची ह्यांनी, आणि मला पुढे महिन्याने कळायचं. म्हटलं ऑफिसातल्या माणसाने विचारलं तर खरं बोलेल. त्याने आपण होऊन सांगावं एवढंच मला हवं होतं.”

“काय सांगावं?”

वहिनींनी शेवटचं पान उघडलं. सत्याऐंशीपर्यंत थोरल्याचं भूगोलाच्या मास्तरांचं सुबक अक्षर. अठ्ठ्याऐंशीपासून धाकट्याचं.

“इथून ह्यांना पेन धरवत नव्हतं. आणि हे नव्वदावं बघा कुठलं आहे.”

नव्वदावं स्टेशन होतं ‘इस्पितळ’. वर सरकता जिना चढला की समोर फाटक.

“दारं उघडली, ह्याने वेळ लिहिली, दारं लागली, आणि दादाला घेऊन हा पुढे गेला. शेवटी रुग्णवाहिकेने ह्यांना आणलं कुठे? याच इस्पितळात. रस्त्याने वीस मिनिटं.” वहिनींचा आवाज चढला नाही. त्यांनी फक्त बोट एक ओळ खाली सरकवलं. एक्क्याण्णवावी ओळ पुन्हा थोरल्याची होती, पण अक्षर पार वेडंवाकडं. “आणि ही त्याने ह्यांच्याकडून लिहवून घेतली. पुढे कुणाला शंका येऊ नये म्हणून.”

बाईंनी त्या दोन ओळींकडे इतका वेळ पाहिलं, की चहावर साय धरली.

“वहिनी,” त्या अखेर म्हणाल्या, “हा इथून पुढे गेलाच नाही.”

५

बाई सव्वीस वर्षं त्याच मार्गाने घरी जात होत्या. इस्पितळ सुटलं की जुना पूल यायला तीन मिनिटं लागतात. एक मोठी जांभई द्यावी, डोळे पुसावेत, की स्टेशन आलं. वहीत इस्पितळाची वेळ होती चार नऊ. जुन्या पुलाची चार अठरा.

“नऊ मिनिटं,” बाईंनी पेन्सिलीने समासात लिहिलं, कारण कागदावर लिहिल्याशिवाय त्यांचा स्वतःवरही विश्वास नसे. “दुपारची गाडी दर सहा मिनिटांनी असते. प्रवासाची तीन आणि ही सहा. नऊ. एक अख्खी गाडी सोडली आहे त्यांनी, आणि ती इस्पितळालाच.”

वहिनी म्हणाल्या, पण गाडी तर घड्याळ चौकात चुकली म्हणे. दातांच्या डॉक्टरांनाही त्याने तेच सांगितलंय, त्यांच्याकडूनच मला कळलं. बाईंनी सत्याऐंशीवी ओळ दाखवली. पोचले चार वाजता, दुसऱ्या गाडीने निघाले चार दोनला. जिना उतरून चढायला लागतात तेवढीच दोन मिनिटं. तिथे काही चुकलं नव्हतं. धाकटा खोटं बोलला होता, आणि दोषाचा सगळा भार येईल तो स्वतःवर येईल अशा बेताने बोलला होता.

मग बाईंनी डॉक्टरांचा गुडघा सांगितला. भाऊ चढले शेवटच्या डब्यात, उतरले मधल्या डब्यातून. भरल्या गाडीत आजारी माणसाला घेऊन कुणी डबे बदलत फिरत नाही. मध्ये कुठेतरी ते उतरले आणि दुसऱ्या जागेवरून पुन्हा चढले. इस्पितळच्या फलाटावर बरोबर मध्यावर काय आहे?

वहिनी त्या स्टेशनावर इतक्यात चार-पाचदा उतरल्या होत्या. “लिफ्ट,” त्या म्हणाल्या.

“धाकट्याने त्यांना उतरवलं. लिफ्टपर्यंत नेलं.”

“मग पुन्हा गाडीत कुणी घातलं?”

बाईंनी एक्क्याण्णवाव्या ओळीवर पेन्सिल ठेवली. ज्याला कुणी ओढून गाडीत बसवलं, तो माणूस ‘आण इकडे’ म्हणून पेन मागून घेत नाही. अक्षर वेडंवाकडं होतं, पण ओळ सरळ होती. दारं उघडल्याची वेळ होती, मिटल्याची होती, आणि खाली एक ठसठशीत रेघ ओढलेली होती. आपण होऊन चढलेल्या माणसाची ओळ होती ती.

वहिनींनी ती रेघ बोटाने चाचपली. मग त्यांनी विचारलं, की असं असेल तर तो गप्प का बसला. मी त्याच्याबद्दल काय काय बोलले.

“काच कुणी फोडली ते त्यालाच विचारू,” बाई म्हणाल्या. “उद्या अकरा वाजता खिडकीवर या. मागच्या फळ्यांआड बसायला स्टूल आहे. शिंक आली तर छत्र्यांकडे तोंड करून द्या.”

६

धाकटा अकराला पाच कमी असताना आला. घड्याळवाला म्हटल्यावर तेवढं अपेक्षितच होतं. बाईंनी त्याला दाराने आत घेतलं आणि टेबलावर निळी वही ठेवली. तो वहीकडे न बघता खुर्चीकडे बघत बसला.

बाईंनी सगळं सांगितलं. नऊ मिनिटं, मधला डबा, लिफ्ट, एक्क्याण्णवावी ओळ. तो मध्येच म्हणाला, की मॅडम, मी तुम्हाला सांगितलं ना, मी पळवलं त्याला, तेच लिहा आणि मिटवा. बाई म्हणाल्या, लिहिते, पण मग वहीतले आकडे खोडावे लागतील, आणि ते तुमच्या दादाने लिहिलेत. तेव्हा कुठे त्याने वहीकडे पाहिलं. मग वहीवर हात ठेवून बोलायला लागला.

अठ्ठ्याऐंशीला दादाने पेन पुढे केलं. म्हणाला हात अवघडलाय, तू लिही. नव्वदला त्याचा रंग बघून धाकट्याने त्याला धरून खाली उतरवलं. विक्रम गेला हे दारं लागली तेव्हाच दोघांना कळलं, कारण हातात तीनच मिनिटं होती आणि पुढच्या गाडीला सहा. शेवटच्या डब्यापासून मधल्या लिफ्टपर्यंत नेला, बाकावर बसवला. तिथे दादा पाणी प्यायला. जरा बरा दिसायला लागला. लिफ्ट आली.

“मी दारात पाय घालून लिफ्ट अडवून धरली. तिकडून पुढची गाडी आली. दादा उठला. म्हणाला, चल, चारच राहिलीत. मी म्हटलं, अरे विक्रम गेला दादा. तर म्हणाला, माहीत आहे मला. विक्रमाचं कोण बोलतंय? नव्वद झाली, चारासाठी अर्धवट ठेवू? मी म्हटलं, चल वर. तर म्हणाला,” धाकट्याने वहीवरचा रबरबँड ताणून सोडला, “म्हणाला, पाय काढ. लहानपणी म्हणायचा ना, त्या आवाजात.”

बाईंनी पेन खाली ठेवलं.

“आणि मी काढला,” धाकटा म्हणाला. “वहिनीला काय सांगू? तो लिफ्टपाशी होता आणि आपल्या पायाने परत फिरला, असं सांगू? त्यापेक्षा माझ्यावर राग बरा. माझ्यावर रागावून माणूस जगू शकतो.”

फळ्यांमागे काहीतरी पडलं. वहिनी बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात कुणाचीतरी पिवळी छत्री होती, आणि ती आपण कधी उचलली हे त्यांना माहीत नसावं. धाकटा उभा राहिला, आणि त्याची मान आपोआप खाली गेली.

“विक्रम गेला होता?”

“हो, वहिनी.”

“त्यांना माहीत होतं?”

“हो.”

वहिनी त्याच्याच खुर्चीत बसल्या. नुसती मोजणी पुरी करायला, असं त्या स्वतःशी दोनदा म्हणाल्या. दुसऱ्यांदा म्हणताना त्यांना हसू आलं, आणि ते ऐकून बाईंनी रजिस्टर उघडलं आणि त्यातल्या एका कोऱ्या पानाचं फार बारकाईने वाचन सुरू केलं.

“चोवीस वर्षांत त्या माणसाने घरातलं एक काम पुरं केलं नाही,” वहिनी म्हणाल्या. “गॅलरीतला दिवा आठ महिने गेलाय. शिडीवर चढले, जुना दिवा काढला, नवीन आणतो म्हणाले. तिथे नुसती वायर लोंबकळतेय. आणि स्टेशनं मात्र अर्धवट नकोत.”

हसता हसता त्यांनी छत्रीचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि तोंड फळ्यांकडे फिरवलं. धाकटा पुढे झाला नाही. जाऊ नये एवढं त्याला कळत होतं. मग वहिनींनी पदराने चेहरा पुसला आणि त्याच्याकडे तीन आठवड्यांत पहिल्यांदा नीट पाहिलं.

“तू पाय काढायला नको होतास.”

“हो, वहिनी.”

“मी माफ केलेलं नाही तुला. त्यांनाही नाही.”

“हो.”

“रविवारी ये. शिडी हलते ती. मी चढते, तू धर. आणि मी वरून कितीही म्हटलं ना, सोड आता, तरी माझे पाय जमिनीला लागल्याशिवाय सोडायची नाही. कळलं?”

 धाकट्याने मान हलवली, आणि गिऱ्हाइकाला विचारावं तसं खालच्या आवाजात विचारलं, की दिवा किती वॅटचा आणू.

वहिनींनी जरा विचार केला.

“मोठा आण,” त्या म्हणाल्या. “तिथे काहीच दिसत नाही.”